ओझ्यापासून शिखरापर्यंत

शेतकरी नांगर धरतो, सुतार रंधा चालवितो, कोळी होडी घेऊन समुद्रावर जातो आणि आपापल्या कष्टांवर प्रत्येक जण आपला प्रपंच चालवितो. हे व्यवसाय आपण रोज पाहतो. म्हणून त्यांचे आपणांस नवल वाटत नाही. परंतु पर्वत चढणे हाही कोणाचा पोटापाण्याचा उद्योग असू शकेल, असे तुमच्या मनात कधी आले आहे काय? सुटीच्या दिवशी हौसेने एखाद्या किल्ल्यावर जाणे निराळे आणि घरची चूल पेटती राहावी म्हणून पाठीवर ओझे घेऊन बर्फाचे कडे चढणे निराळे. हिमालयाच्या कुशीत राहणाऱ्या शेर्पा जमातीतील अनेकांनी गेली शंभर वर्षे हा व्यवसाय केला आहे. त्यांच्यापैकीच एक तेनसिंग नोर्गे. ते हमाल म्हणून या व्यवसायात शिरले, गिर्यारोहक म्हणून जगाच्या सर्वोच्च शिखरावर उभे राहिले आणि शेवटी या विद्येचे शिक्षक झाले. त्यांच्या आयुष्याची ही हकिकत आहे.

तेनसिंगचा जन्म १९१४ साली मे महिन्याच्या अखेरीस झाला असे मानतात. त्या लोकांत जन्मतारीख टिपून ठेवण्याची रीत नव्हती. त्या वेळचे हवामान आणि शेतातील पीक यांच्या खुणांवरून त्याने पुढे आपला जन्मकाळ ठरविला. तेरा भावंडांपैकी तो अकरावा. घरच्यांनी त्याचे नाव नामग्याल वांगदी असे ठेवले होते. पण एका थोर लामाच्या सांगण्यावरून ते बदलून तेनसिंग नोर्गे असे करण्यात आले. भाग्यवान व धनवान असा धर्मानुयायी, असा त्या नावाचा अर्थ. घरात मात्र धन नव्हते. नेपाळच्या खुंबू भागातील थामे या गावी त्याचे बालपण गेले. याकांचे कळप राखावे, त्यांच्या मागे उंच कुरणांवर हिंडावे, हेच त्याचे शिक्षण. गावात शाळा नव्हती. त्यामुळे लिहिणे-वाचणे त्यास शिकता आले नाही. ज्या पर्वताला आपण एव्हरेस्ट म्हणतो, त्यास तिकडचे लोक चोमोलुंगमा म्हणत. ज्याच्यावरून पक्षीही उडून जाऊ शकत नाही असा तो पर्वत, असे आई मुलाला सांगे. याकांच्या मागे हिंडणारा तो मुलगा त्या पर्वताकडे पाही आणि तेथवर जावे, असे त्यास वाटे.

तेनसिंग अठरा वर्षांचा झाला आणि १९३२ साली घर सोडून दार्जिलिंगला गेला. इतक्या दूर दार्जिलिंगलाच का, असे तुम्ही विचाराल. त्या काळी नेपाळचा दरवाजा परदेशी लोकांना बंद होता. एव्हरेस्टवर जाणाऱ्या इंग्रज मोहिमा दार्जिलिंगहून निघत आणि सिक्कीम व तिबेट ओलांडून त्या पर्वताच्या उत्तर बाजूस पोहोचत. त्यांना लागणारे हमाल दार्जिलिंगलाच निवडले जात. म्हणून ज्याला पर्वतावर काम हवे, त्याची पावले तिकडेच वळत. १९३३ च्या मोहिमेत तेनसिंगला काम मिळाले नाही. तो नवखा होता आणि पूर्वी काम केल्याचे प्रशस्तिपत्र त्याच्याजवळ नव्हते. पण तो दार्जिलिंग सोडून गेला नाही.

आता या कामाचे स्वरूप आपण नीट समजून घेऊ. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. एव्हरेस्टची उंची ८,८४८ मीटरांहून थोडी अधिक. म्हणजे एकावर एक अशी पाच कळसूबाई शिखरे रचली, तरी ती एव्हरेस्टच्या माथ्यास पोहोचणार नाहीत. इतक्या उंचीवर हवा फार विरळ असते. शिखरावर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने सुमारे एक तृतीयांश असतो. दोन पावले टाकली की धाप लागते, भूक मरते, झोप येत नाही. एका दमात तेथे कोणी जाऊ शकत नाही. म्हणून पायथ्याशी तळछावणी उभारावयाची, तिच्या वर पहिली छावणी, तिच्या वर दुसरी, अशा पायऱ्यापायऱ्यांनी वर सरकावयाचे. प्रत्येक छावणीत तंबू, अन्न, इंधन, दोर आणि प्राणवायूची नळकांडी पोहोचली पाहिजेत. ती पोहोचविणाऱ्या माणसांसही अन्न लागते. तेही कोणीतरी वाहून न्यावे लागते. शिखरावर दोघांना पोहोचवावयाचे, तर तळाशी शेकडो माणसांनी ओझी उचलावी लागतात. देवळाचा कळस सर्वांना दिसतो. पण तो पायातील दगडांच्या आधारावर उभा असतो, तसेच हे आहे.

त्या पायाच्या दगडांवर काय प्रसंग येत, तेही जाणून घेतले पाहिजे. १९२२ साली एव्हरेस्टच्या उत्तर उतारावर हिमलोट कोसळून सात हमाल मरण पावले. १९३४ साली नंगा पर्वतावर गेलेल्या जर्मन मोहिमेला भयंकर वादळाने गाठले; त्या मोहिमेत चार जर्मन आणि सहा शेर्पा प्राणांस मुकले. त्यांतील एका शेर्प्याला खाली येऊन जीव वाचविणे शक्य होते. पण आपल्या थकलेल्या नेत्यास सोडून तो आला नाही. अशा बातम्या दार्जिलिंगच्या शेर्पा वस्तीत येत, तेव्हा घराघरांत शोक होई. तरीही पुढच्या वर्षी मोहीम आली की तरुण पुन्हा रांगेत उभे राहत. कुणास पैशांची गरज असे, कुणास पर्वताची ओढ असे. बहुतेकांस दोन्ही असत.

१९३५ साली एरिक शिप्टन यांची मोहीम एव्हरेस्टच्या पाहणीसाठी निघाली. हमालांची निवड जवळजवळ पुरी होत आली असता शिप्टन यांची नजर रांगेतील एका हसतमुख तरुणाकडे गेली. हाच तेनसिंग. मजुरी दिवसाला बारा आणे. बर्फाच्या रेषेवर गेल्यास एक रुपया. सोळा आण्यांचा एक रुपया होत असे, हे लक्षात घेतले म्हणजे जीव धोक्यात घालण्याबद्दल वाढीव मोल किती मिळत होते, ते तुमच्या ध्यानात येईल: अवघे चार आणे!

या चार आण्यांच्या कामात तेनसिंग यांनी एक मोठी गोष्ट साधली. ओझे वाहता वाहता ते पाहत राहिले. दोर कसा बांधावा, हिमकुऱ्हाडीने घट्ट बर्फात पायऱ्या कशा खोदाव्यात, बर्फाचा कोणता पूल माणसाचे वजन पेलील आणि कोणता पेलणार नाही, ढगांचा रंग पाहून माघार केव्हा घ्यावी, हे सारे त्यांनी कामातून उचलले. १९३६ आणि १९३८ च्या मोहिमांतही ते होते. १९३८ साली त्यांनी सुमारे ८,३०० मीटर उंचीवरच्या छावणीपर्यंत ओझे पोहोचविले. अशी कामगिरी करणाऱ्या शेर्पांना हिमालयन क्लब ही संस्था ‘टायगर’ म्हणजे ‘वाघ’ हा किताब व पदक देई. तो मान तेनसिंग यांस मिळाला.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि मोहिमा थांबल्या. पोटासाठी तेनसिंग दूर वायव्येस चित्रळ येथे गेले आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात काम करू लागले. तेथे असताना त्यांची पत्नी वारली. दोन लहान मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परतले. व्यवसाय म्हटला की त्यात असेही दिवस येतात, जेव्हा हातात कसब असते, पण काम नसते.

१९४७ साली त्यांना पुन्हा काम मिळाले. त्या वर्षीच्या दोन प्रसंगांतून त्यांच्या अनुभवात मोठी भर पडली. अर्ल डेन्मन नावाच्या एका गृहस्थाबरोबर ते तिबेटमार्गे एव्हरेस्टच्या पायथ्याशी गेले. बरोबर माणसे थोडी, साहित्य अपुरे. कडाक्याच्या वाऱ्यापुढे त्यांना लवकरच परत फिरावे लागले. वेळीच परत फिरणे हा भित्रेपणा नव्हे, तो या व्यवसायातील शहाणपणाचा भाग आहे. कारण जो जिवंत परततो, तोच पुन्हा चढतो. त्याच वर्षी एका स्विस तुकडीबरोबर ते गढवालमध्ये गेले. केदारनाथ शिखरावर शेर्पांच्या सरदाराला अपघात झाला आणि तो जायबंदी झाला. त्याला खाली आणण्याच्या बिकट कामात तेनसिंग पुढे होते. त्यानंतर सरदारकीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. सरदार म्हणजे सर्व शेर्पा व हमाल यांचा प्रमुख. माणसे निवडणे, ओझी वाटून देणे, मजुरी चुकती करणे, तंटे मिटविणे आणि स्वतः सर्वांच्या पुढे चालणे, ही सारी सरदाराची कामे. १९५१ साली एका फ्रेंच मोहिमेतील दोन गिर्यारोहक नंदादेवीच्या परिसरात बेपत्ता झाले. त्यांचा शोध घेण्यासाठी तेनसिंग लुई द्युबो या फ्रेंच सोबत्यासह नंदादेवी पूर्व हे ७,४३४ मीटर उंचीचे शिखर चढून गेले. हरवलेले सापडले नाहीत. ही चढाई आपल्याला सर्वांत अवघड वाटली, असे तेनसिंग पुढे सांगत.

मध्यंतरी परिस्थिती पालटली होती. तिबेटचा मार्ग बंद झाला आणि नेपाळने आपले दार उघडले. आता दक्षिणेकडून, म्हणजे तेनसिंग यांच्या बालपणीच्या खुंबू भागातूनच, एव्हरेस्टची वाट जाऊ लागली. १९५२ च्या वसंत ऋतूत स्विस मोहीम या वाटेने निघाली. तेनसिंग तिचे सरदार होते. परंतु स्विस लोकांनी त्यांना बरोबरीचा गिर्यारोहक मानले. रेमाँ लांबेर यांच्याशी त्यांची दोस्ती जमली. लांबेर यांच्या पायांची बोटे पूर्वी हिमदंशाने गेलेली होती. दोघांस एकमेकांची भाषा नीट येत नसे. पण एका दोराला बांधलेल्या माणसांना फारसे शब्द लागत नाहीत. सुमारे ८,४०० मीटर उंचीवर एका लहानशा तंबूत, झोपण्याच्या पिशव्या नसताना आणि चूल नसताना, त्यांनी रात्र काढली. झोप लागली तर गारठून मरू, म्हणून ते एकमेकांस चोळत व थोपटत राहिले. मेणबत्तीच्या ज्योतीवर डब्यातील बर्फ वितळवून त्यांनी घसा ओला केला. सकाळी ते पुन्हा वर निघाले आणि सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेले. तोवर इतक्या उंचीवर कोणी गेल्याची नोंद नव्हती. पण अंगात त्राण उरले नव्हते. दोघे परत फिरले. त्याच वर्षी शरद ऋतूत स्विस मोहीम पुन्हा गेली; थंडी व वारा यांनी तिलाही परतविले आणि मिंगमा दोर्जे हा शेर्पा कोसळत्या बर्फाने दगावला.

१९५३ साली जॉन हंट यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम आली. तीत तेनसिंग शेर्पांचे सरदारही होते आणि चढाई करणाऱ्या तुकडीचे सभासदही होते. अशा दुहेरी पदावरच्या माणसाची कसोटी पर्वताच्या आधीच लागली. काठमांडूत साहेबलोकांची व्यवस्था खोल्यांत झाली आणि शेर्पांना एका गॅरेजमध्ये जमिनीवर झोपण्यास सांगण्यात आले. शेर्पांस हे अपमानाचे वाटले. तेनसिंग यांना निराळी खोली मिळत होती. पण त्यांनी ती रात्र आपल्या माणसांबरोबरच काढली. मानाचे ताट एकट्याने घ्यावयाचे नाही, हे त्यांनी भाषणाने नव्हे, कृतीने सांगितले.

मग मोठी चाल सुरू झाली. साडेतीनशेहून अधिक हमाल ओझी घेऊन काठमांडूहून निघाले. खुंबूच्या हिमप्रपातात, म्हणजे डोंगरउतारावरून तुकडे तुकडे होऊन खाली सरकणाऱ्या हिमनदीच्या भागात, न्यूझीलंडचे एडमंड हिलरी एका भेगेवरून उडी मारीत असता बर्फाची कड ढासळली आणि ते आत कोसळू लागले. दोराच्या दुसऱ्या टोकास तेनसिंग होते. क्षणाचाही विलंब न लावता त्यांनी हिमकुऱ्हाड बर्फात रोवली, दोर तिच्याभोवती आवळला आणि हिलरींना सावरले. त्या दिवसापासून दोघांची जोडी पक्की झाली.

२६ मे रोजी बोर्दिलाँ व इव्हान्स ही पहिली जोडी दक्षिण शिखरापर्यंत पोहोचली. परंतु प्राणवायूच्या यंत्राने त्रास दिला, वेळ सरला आणि शेवटचे सुमारे ९० मीटर उरले असता त्यांना परतावे लागले. त्याच दिवशी स्वतः हंट आणि शेर्पा दा नामग्याल यांनी पुढील जोडीसाठी ८,३०० मीटरच्याही वर सामान नेऊन ठेवले. २८ मे रोजी लो, ग्रेगरी आणि शेर्पा आंग न्यिमा यांनी हिलरी व तेनसिंग यांच्याबरोबर ओझी उचलून सुमारे ८,५०० मीटरवर शेवटचा तंबू उभारण्यास मदत केली आणि ते खाली परतले. सकाळी हिलरींचे बूट गोठून दगडासारखे झाले होते. ते चुलीवर धरून मऊ करण्यात दोन तास गेले. मग दोघे निघाले. दक्षिण शिखर मागे पडले. पुढे सुमारे १२ मीटर उंचीचा खडकाचा उभा टप्पा आडवा आला. खडक आणि बर्फ यांमधील फटीतून हिलरी अंग घुसवीत वर सरकले. मागोमाग तेनसिंग चढले. २९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकरा वाजता वर चढावयास काही उरले नाही.

ते शिखरावर सुमारे पंधरा मिनिटे होते. हिमकुऱ्हाडीला बांधलेले संयुक्त राष्ट्रसंघाचे, ब्रिटनचे, नेपाळचे व भारताचे निशाण उंच धरून तेनसिंग उभे राहिले आणि हिलरींनी त्यांचे छायाचित्र घेतले. त्यांच्या गळ्याशी लांबेर यांनी दिलेला तांबडा रुमाल होता. तेनसिंग यांनी बर्फात लहानसा खड्डा केला. त्यात थोडा खाऊ देवतेला नैवेद्य म्हणून ठेवला आणि धाकट्या मुलीने दिलेली लाल-निळी पेन्सिलही त्याच्याजवळ ठेवली. ज्याला लिहिता येत नव्हते, त्या पित्याने मुलीची पेन्सिल जगाच्या माथ्यावर नेली.

खाली आल्यावर सर्वांनी एकच प्रश्न विचारला: “आधी पाऊल कोणाचे पडले?” मिरवणुका निघाल्या, वाद झाले, देशादेशांचे अभिमान चढाओढीने पुढे आले. दोघांनी प्रथम इतकेच सांगितले, की आम्ही बरोबर पोहोचलो. पुढे १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तेनसिंग यांनी सरळपणे नमूद केले, की हिलरी पुढे होते आणि आपण त्यांच्या मागे होतो. हे आत्मचरित्र त्यांनी तोंडी सांगितले व दुसऱ्याने लिहून घेतले. खोटा मान घेण्याची संधी असता त्यांनी ती घेतली नाही. दोराच्या दोन टोकांपैकी एक श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ, हा हिशेब दोरावर चढणारे करीत नाहीत. तो खाली उभे राहणारे करतात.

कीर्ती मिळाल्यावर माणसाने काय करावे? तेनसिंग पुन्हा विद्यार्थी झाले! दार्जिलिंगला गिर्यारोहणाची शाळा काढण्याचे ठरले होते. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू व पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा तिला पाठिंबा होता. ही विद्या पद्धतशीर कशी शिकवावी, हे पाहण्यासाठी तेनसिंग स्वित्झर्लंडला गेले आणि आर्नोल्ड ग्लाटहार्ड या मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकले. १९५४ च्या नोव्हेंबरात दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. मेजर नरेंद्र धर जयाल तिचे पहिले प्राचार्य आणि तेनसिंग प्रत्यक्ष गिर्यारोहण शिकविणारे प्रमुख. दोराची गाठ, कुऱ्हाडीची पकड, घसरल्यास स्वतःला रोखण्याची युक्ती यांचे धडे ते तरुणांस देत. जे ज्ञान त्यांनी बारा आण्यांच्या मजुरीत ओझ्याखाली वाकून मिळविले, ते आता शाळेत शिकविले जाऊ लागले. १९५९ साली भारत सरकारने त्यांस ‘पद्मभूषण’ देऊन गौरविले. पुढे १९६५ साली मोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मोहिमेचे नऊ जण एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांतील नवांग गोम्बू हे तेनसिंग यांचे भाचे; एव्हरेस्ट दोनदा चढणारे ते पहिले पुरुष. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंग येथे तेनसिंग यांचे निधन झाले.

शेर्पांचा व्यवसाय आजही चालू आहे आणि त्यातील धोकाही गेलेला नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामकरी ठार झाले. दुसऱ्यांच्या चढाईसाठी ते वाट तयार करीत व सामान नेत होते. पण याच लोकांनी स्वतःच्या हिमतीवर काय करता येते, तेही जगास दाखविले. के-टू हे ८,६११ मीटर उंचीचे, जगातील दुसऱ्या क्रमांकाचे शिखर तोवर हिवाळ्यात कोणासही साधले नव्हते. १६ जानेवारी २०२१ रोजी दहा नेपाळी गिर्यारोहक तेथे पोहोचले. त्यांतील नऊ जण शेर्पा होते. माथा काही पावलांवर राहिला असता पुढचे थांबले. मागचे येईपर्यंत त्या भीषण थंडीत त्यांनी वाट पाहिली आणि मग दहाही जण पावलास पाऊल लावून एकदम शिखरावर गेले. तेथे आधी पाऊल कोणाचे पडले, हा प्रश्न त्यांनी कोणासाठी शिल्लकच ठेवला नाही.